डावं शिंग

लोमेश चौथीत माझ्या शेजारी बसायचा,
कारण दुसरं कुणी त्याला शेजारी घेत नव्हतं
आणि निखाडे सरांच्या मते मी समजदार होते.
समजदार म्हणजे चावलं तरी ओरडणार नाही अशी.
डाव्या मनगटाच्या वर अजून आहे ती खूण,
बोराच्या आठळीएवढी.

कुणी हसलं की त्याचा हात उठायचा.
हसू पाटीवरच्या चुकीला असो की खिडकीतल्या सरड्याला,
त्याला ते आपल्याकडेच येताना दिसायचं
गोफणीतून सुटल्यासारखं.
आणि कुणी रडलं तर त्याहून वाईट.
पहिलीतली हिमानी खिचडीच्या रांगेत पडली,
गुडघा फुटला, तिनं भोकाड पसरलं,
तर हा ताट टाकून धावला आणि तिचं तोंड दाबून धरलं,
इतकं की पोरीला श्वास येईना.
सरांनी दोन छड्या दिल्या.
"मारत नोहतो जी," तो म्हणाला, "बंद करत होतो."
वर्ग हसला.
मग पुन्हा हात.

यवतमाळच्या मोठ्या दवाखान्यातून
त्याच्या आईनं एक कागद आणला, पोलक्यात गुंडाळी करून.
सरांनी वाचला, उलटून मागची कोरी बाजूही पाहिली,
आणि हजेरीच्या वहीत ठेवून दिला.
लोमेशच्या वागण्याला नाव मिळालं.
बसायची जागा तीच राहिली.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, उजाडायच्या आत,
आम्ही पळसाच्या फांद्या घेऊन शिवेकडे पळालो.
खोकला घेऊन जाय गे मारबत!
मच्छर घेऊन जाय गे मारबत!
नाल्यापाशी टिकेशनं नवी ओळ काढली:
लोमेशले घेऊन जाय गे मारबत!
सगळ्यांनी उचलली.
मीही.
आणि सगळ्यांत मोठ्यानं लोमेश ओरडत होता,
बेंबीच्या देठापासून, फांदी डोक्यावर नाचवत.
इतक्या तोंडांतून त्याचं नाव एकदम कधी निघालंच नव्हतं.
तसा चेहरा मी त्याचा आधी पाहिला नव्हता.
नंतर तर नाहीच.

दुपारी कुणीतरी त्याला त्या ओळीचा अर्थ सांगितला.
कुणीतरी म्हणजे मी.
चिंचोके खेळता खेळता, हळू आवाजात,
कारण मला वाटलं, खरं ते सांगितलेलं बरं.
त्यानं मुठीतले चिंचोके खाली ठेवले. एक एक करून.

तान्ह्या पोळ्याला तोरणाखाली बैलांची रांग लागली.
माझा सागवानी, चाकांचा, शिंगांना बेगड.
तो आला, वाकला,
कट् असा आवाज झाला.
शेजारीच टिकेशचा बैल होता,
त्याला त्यानं हात लावला नाही.
मी रडले तेव्हा तो दोन्ही कान दाबून पळाला,
पऱ्हाटीत शिरला, दिसेनासा झाला.
त्या संध्याकाळी मी बोजारा मागायला गेले नाही.

सकाळी ओसरीवर त्याचा बैल उभा.
बाभळीचा, मामानं तासून दिलेला,
चाकं पावडरच्या डब्यांच्या झाकणांची.
शिंग एकच.
मोडल्या जागी लाकूड अजून ओलं, पांढरं.
माझ्याही बैलाचं डावंच गेलं होतं.

"पाय मा," आई म्हणाली, "सोताचाही तोडला त्यानं.
कशाचं पोट्टं व्हय हे!"
मलाही तेव्हा तेवढंच कळलं.
दिवाळीनंतर तो शाळेत आला नाही,
आणि बाकावर पाय पसरून बसता येतं
याचा मला आनंद झाला, हेही लिहून ठेवते.

आता मी वणीकडे शिकवते.
गावी गेल्यावर विचारलं तर कुणी म्हणतं, कोळशाच्या ट्रकवर आहे,
कुणी म्हणतं, कोन लोमेश?
दरवर्षी एक तक्ता भरावा लागतो.
सातवा रकाना: सोबत्यांच्या भावना कळतात का?
हो. नाही. कधी कधी.
यंदा पहिल्या बाकावर एक पोरगी आहे, दगड खिशात ठेवणारी.
तिच्या नावापुढे पेन थांबतं,
मनगट कागदावर टेकतं,
खुणेसकट.